आत्याची पाळी, बाबांची साखर

मला पीसीओएस आहे हे कळलं तेव्हा मी ४२ वर्षांची होते. तोवर मधुमेह सुरू झाला होता, गर्भाशयाचं अस्तर वाजवीपेक्षा जाड झालं होतं आणि पाळीच्या अनियमितपणाशी जुळवून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजे अंडाशय, इन्सुलिन आणि पुरुषी संप्रेरकं यांचा मेळ बिघडल्याने होणारा विकार. त्यात पाळी लांबते, हनुवटीवर-ओठावर राठ केस येतात, मुरमं जात नाहीत, काहींना दिवस राहायला वेळ लागतो आणि पुढे साखर व रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. यातली सगळी लक्षणं आमच्या घराण्यात होती. एकेकाच्या वाट्याला एकेक आलं होतं, म्हणून त्यांची बेरीज कधी कुणी केली नाही.

ती बेरीज वेळेवर झाली असती तर माझा पुढचा बराच त्रास टळला असता. तुमच्या घरात ती वेळेवर व्हावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

घरातली माणसं

मी सावंतवाडीची. माहेर-सासर दोन्ही याच तालुक्यातलं. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, कुडाळजवळच्या एका गावात दिली होती. तिला मूल झालं नाही. तिच्यासाठी गाऱ्हाणी घातली, नवस बोलले, ज्याने जो झाडपाला सांगितला तो तिने घेतला. तिची पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नसे, हे मात्र फक्त माझ्या आजीला ठाऊक होतं. हनुवटीवरचे केस ती माजघराच्या कोपऱ्यात बसून चिमट्याने काढायची. आम्ही मुली जवळ गेलो की चिमटा पदराखाली जायचा.

बाबा अंगाने सडपातळ. तिशीच्या आतच त्यांना टक्कल पडलं आणि चाळिशी गाठायच्या आधी शुगर निघाली. धाकटे काका मुंबईला नोकरीत होते. पोट सुटलेलं, रक्तदाब वाढलेला. पन्नाशीत हृदयविकाराने गेले. त्यांच्या मुलीला, माझ्या चुलत बहिणीला, तिशी उलटली तरी चेहऱ्यावर मुरमं होती.

यातल्या प्रत्येक गोष्टीला घरात वेगळं कारण ठरलेलं होतं. आत्याचं नशीब, बाबांचं चहातलं गोड, काकांची दगदग, बहिणीची उष्णता. चारही माणसं एकाच आजी-आजोबांच्या रक्ताची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुखणी एकमेकांशी नातं सांगत असतील, असं कुणाच्या मनात आलं नाही.

माझी पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली आणि कॉलेज संपेपर्यंत वर्षातून चार-पाचदाच यायची. घरातल्या मोठ्या बायका म्हणायच्या, "आमच्या घराण्यात बायलमानसांची पाळी अशीच उशिरान येता गो. लगीन झाला काय सगळा बरा होता." शिवाय तेव्हा घरात शिवाशीव पाळली जायची. चतुर्थी, लग्नकार्य, देवाची पालखी अशा वेळी ज्या मुलीची पाळी येत नाही तिची अडचण कुणालाच नव्हती. दुखत नाही, खुपत नाही, कामात खोळंबा होत नाही. मग दवाखान्यात कशाला न्यायचं? आमच्याकडे पाळी फार आली तर बाईला डॉक्टरकडे नेतात. आली नाही तर नेत नाहीत.

बारीक अंगाच्या मुली

चेहऱ्यावर केस वाढले म्हणून विशीत मी एकदा डॉक्टरांना दाखवलं होतं. वजन कमी आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही, लग्नानंतर सुरळीत होईल, असं सांगून त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. २६ व्या वर्षी लग्न झालं. उपचार घेऊन मूल झालं. त्या बाळंतपणात साखर वाढली आणि बाळंत झाल्यावर उतरली. पुढे ती दरवर्षी तपासायला हवी, हे मला कुणी सांगितलं नाही. मग पुढच्या वर्षांत कधी सहा-सहा महिने पाळी नाही आणि आली की थांबायचं नाव नाही, असं सुरू झालं. अखेर अस्तराचा तुकडा तपासला, तेव्हा ते जाड झाल्याचं निघालं. सुदैवाने त्यातल्या पेशी कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या नव्हत्या. प्रोजेस्टेरॉनच्या औषधाने अस्तर पूर्ववत झालं.

तेव्हा ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी माझ्या पाळीबद्दल विचारलंच, पण त्याहून जास्त वेळ बाबांबद्दल विचारलं. मधुमेह कितव्या वर्षी झाला, केस कधी गेले, त्यांना बहिणी किती, त्या बहिणींना मुलं किती. माझ्या दुखण्यासाठी वडिलांच्या टकलाची चौकशी कुणी करेल, अशी माझी कल्पना नव्हती. त्यांनी एका कागदावर वंशावळ काढली. त्यात आत्या, बाबा, काका, चुलत बहीण आणि मी एकेका चौकटीत बसलो आणि सगळं दुखणं एका नजरेत समोर आलं.

लठ्ठ बाईलाच पीसीओएस होतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष मांडले. पीसीओएस ठरवण्याचे रॉटरडॅम निकष लावले तर २२.५ टक्के मुलींत तो होता. अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के. आणि रॉटरडॅम निकषांत बसलेल्या मुलींपैकी सुमारे ७२ टक्के लठ्ठ नव्हत्या. याच संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इन्सुलिनच्या ग्राहकाचं जनुक, म्हणजे पेशीवर इन्सुलिन ज्या जागी जोडलं जातं ती जागा घडवणारं जनुक तपासलं. त्यातल्या एका बदलाचा संबंध पीसीओएसशी दिसला, तो सडपातळ भारतीय स्त्रियांमध्ये.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली आहे. त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाहेरून बारीक आणि आत चरबी, ही आपली ठेवण जन्मापासूनची. काटा कमी दाखवतो म्हणून इन्सुलिन नीट काम करतं आहे, असं आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. माझे बाबा आणि मी, दोघंही याचीच उदाहरणं.

हा वारसा वाटाण्यांसारखा चालत नाही

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मेंडेलचे उंच-बुटके वाटाणे शिकवताना एक जनुक, एक लक्षण असं सरळ गणित असतं. पीसीओएसबद्दलही आधी तसंच वाटलं होतं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली हा विकार सात स्त्रियांच्या नोंदींसह मांडला. १९६८ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या बहिणी तपासल्या, तेव्हा तो घराण्यात चालतो हे दिसलं आणि एकाच प्रभावी जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्या संशोधनात हे गणित टिकलं नाही.

आता चित्र असं आहे. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी हजारो स्त्रियांच्या जनुकसंचात पीसीओएसशी जोडलेल्या तीन जागा शोधल्या. पुढच्याच वर्षी त्यांची संख्या अकरावर गेली. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांवर रुग्ण स्त्रिया आणि एक लाखावर इतर स्त्रियांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात चौदा जागा सापडल्या. काही जागा पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकांशी संबंधित, काही अंडाशयात पुरुषी संप्रेरक बनण्याशी, काही इन्सुलिनशी. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी लहान. अशा पुष्कळ लहान बदलांची बेरीज आणि त्यावर वजन, आहार, झोप, आईच्या पोटातलं वातावरण यांचा परिणाम, असा हा विकार घडतो. म्हणूनच एकाच घरात एकीला केस येतात, दुसरीची पाळी लांबते आणि तिसरी पूर्ण निरोगी राहते.

आनुवंशिकतेचा वाटा किती, याचं उत्तर जुळ्यांच्या अभ्यासातून मिळालं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ च्या अभ्यासात तो सुमारे ७० टक्के निघाला. हा आकडा वाचून आया घाबरतात. मला आहे, म्हणजे मुलीला होण्याची शक्यता ७० टक्के, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. एखाद्या समाजात काही जणींना पीसीओएस होतो आणि काहींना होत नाही. या फरकामागे वारशाचा भाग किती, एवढंच तो आकडा सांगतो. घरातल्या माणसांसाठी उपयोगाचे आकडे वेगळे आहेत. अमेरिकेत २००१ साली रुग्णांच्या आया आणि बहिणी तपासल्या. २४ टक्के आयांना आणि ३२ टक्के बहिणींना पीसीओएस आढळला. म्हणजे तिघींतल्या दोघी बहिणींना नव्हता. स्वीडनमधल्या सरकारी आरोग्यनोंदींवरच्या २०१९ च्या अभ्यासात, आईला पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये हे निदान इतर मुलींच्या सुमारे पाचपट आढळलं. धोका खरा आहे, म्हणून लक्ष ठेवायचं. पण बहुतेक बहिणी त्यातून सुटतात, म्हणून घाबरायचं नाही.

बाबांची बाजू

पाळी बायकांची, म्हणून वारसा आईकडून, असं आपण धरून चालतो. सुनेला काही निघालं की तिच्या आईची चौकशी होते. जनुकं मात्र निम्मी बापाकडून येतात. पुरुषाला अंडाशय नसतात, म्हणून हे बदल त्याच्यात वेगळ्या रूपाने दिसतात: लवकर टक्कल, पोटाचा घेर, कमी वयात मधुमेह, रक्तदाब. २०१८ च्या त्या मोठ्या अभ्यासात पीसीओएसचे जनुकीय धागे पुरुषांच्या टकलाशी, वजनाशी आणि इन्सुलिनच्या पातळीशी जुळलेले दिसले.

हे शरीरात कसं घडतं, ते समजून घेतलं की बाबांची शुगर आणि माझी पाळी यांचा संबंध लागतो. पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक बनवायला भाग पाडतं. यकृतात त्या संप्रेरकाला बांधून ठेवणारं एक प्रथिन तयार होतं, तेही इन्सुलिनमुळे कमी होतं. मोकळं पुरुषी संप्रेरक वाढतं. केस, मुरमं येतात. अंडाशयातली बीजं अर्ध्यावर वाढून थांबतात. सोनोग्राफीत दिसणारे काळे ठिपके म्हणजे असे थांबलेले बीजकोश. काढून टाकायच्या त्या गाठी नव्हेत. बीज सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर महिनोन्महिने वाढतच राहतं. माझं अस्तर जाड झालं ते असं. पाळी न येणं निरुपद्रवी नाही, हे प्रत्येक मुलीच्या आईपर्यंत पोचायला हवं.

घराण्याचा कागद करा

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. एक कोरा कागद घ्या आणि तीन पिढ्या लिहा: आजी-आजोबा, आई-वडील व त्यांची भावंडं, तुमची पिढी. आईची आणि बाबांची, दोन्ही बाजू.

बायकांपुढे लिहा: पाळी कधी सुरू झाली, दोन पाळ्यांत किती अंतर असायचं, चेहऱ्यावर राठ केस किंवा तिशीनंतरही मुरमं होती का, दिवस राहायला वेळ लागला का, गरोदरपणात साखर वाढली का, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला का. मूल नसलेली मावशी किंवा आत्या कागदातून गाळू नका. बहुतेक घरांत तिच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं गेलेलं असतं.

पुरुषांपुढे लिहा: टक्कल कितव्या वर्षी पडलं, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार कितव्या वर्षी झाला. नुसतं 'शुगर आहे' पुरेसं नाही. सत्तरीत आलेली शुगर आणि अडतिसाव्या वर्षी आलेली शुगर यांत मोठा फरक आहे.

हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःहून दाखवा. गर्दीच्या ओपीडीत सगळ्यांना सगळं विचारायला वेळ नसतो. कागद समोर असला की दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. आमच्या कागदाचा पहिला फायदा माझ्या धाकट्या भावाला झाला. त्याला कसलाच त्रास नव्हता. बहिणीला पीसीओएस आणि बापाला लवकर मधुमेह, एवढ्यावरून त्याची तपासणी केली आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. आता तो गोळीविना ती आटोक्यात ठेवून आहे.

मुलीची पाळी केव्हा दाखवावी

घरात इतिहास आहे म्हणून मुलगी वयात येताच तिची सोनोग्राफी करू नका. पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षात ती वेडीवाकडी येणं साधारण आहे. पहिल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांतलं अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून जास्त असेल, तर दाखवा. तीन वर्षांनंतर ३५ दिवसांहून जास्त अंतर किंवा वर्षातून आठपेक्षा कमी पाळ्या, तर दाखवा. पहिल्या वर्षानंतर एकदा जरी ९० दिवस पाळी आली नाही, तर दाखवा. आणि पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळीच आली नसेल, तर अजिबात थांबू नका.

वयात येणाऱ्या मुलींच्या अंडाशयात बरेच बीजकोश एरवीही दिसतात. त्यामुळे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचा नाही. एएमएच या रक्ततपासणीवरूनही नाही. मुलींमध्ये अनियमित पाळी आणि वाढलेलं पुरुषी संप्रेरक, या दोन्ही गोष्टी हव्यात. प्रौढ स्त्रीत अनियमित पाळी, वाढलेलं पुरुषी संप्रेरक आणि सोनोग्राफी किंवा एएमएच या तीनपैकी दोन पुरतात, मात्र तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार आधी वगळायला हवेत.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिची पाळी कधी चाळीस दिवसांवर जाते. आम्ही तारखा लिहितो, डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची साखर तपासली, ती नॉर्मल आहे. तिच्यावर अजून कुठलाही शिक्का मारलेला नाही. 'धोका जास्त आहे, लक्ष ठेवू,' एवढंच डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि या वयाला तेवढंच योग्य आहे.

तपासण्या कोणत्या, कोणत्या नकोत

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासायलाच हवं. त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते. घरात बऱ्याच जणींना राठ केस असतील, तर १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही तपासणी डॉक्टरांना आठवणीने विचारा. अधिवृक्क ग्रंथीचा एक वेगळा आनुवंशिक विकार हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. तो एकाच जनुकातल्या दोषाने होतो आणि त्याचे उपचार निराळे. टेस्टोस्टेरॉनची तपासणी गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केली तर आकडा फसवा येतो. साधारण तीन महिने त्या बंद असाव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची तपासणी करून घ्या. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली हवा. १४० ते १९९ हा उंबरठा, २०० आणि वर मधुमेह. धोक्याप्रमाणे दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करायची. गरोदर राहायचं ठरवलंत तर आधी करा, गरोदरपणात करा, आणि बाळंतपणानंतर साखर उतरली तरी तपासणी सोडू नका. रक्तदाब, चरबीची तपासणी आणि कमरेचा घेर यांची नोंद याच्या जोडीला ठेवा.

पीसीओएससाठी जनुकांची तपासणी करून देतो, असं कुणी म्हणालं तर त्यावर पैसे घालवू नका. आतापर्यंत सापडलेल्या जागा मिळून वारशाचा थोडाच भाग उलगडतो. त्या तपासणीवरून निदान होत नाही आणि उपचारही बदलत नाहीत. आज तरी घराण्याचा कागद तिच्याहून जास्त सांगतो, आणि तो फुकट आहे.

पुढचं जगणं

पाळी तीन महिन्यांत आली नाही तर डॉक्टरांकडे जाऊन अस्तराचं रक्षण होईल असं औषध घ्यायचं, हा नियम मी आता कटाक्षाने सगळ्यांना सांगते. कुणाला गर्भनिरोधक गोळ्या, कुणाला प्रोजेस्टेरॉन, कुणाला मेटफॉर्मिन; काय कुणाला, हे वय, रक्तदाब, अर्धशिशी, मूल हवं की नको यांवर ठरतं. मैत्रिणीची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जाऊ नका. मूल हवं असेल तर बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचं औषध आहे, आणि पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं. माझ्या आत्याला हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

खाण्याचा कुठलाही एक खास प्रकार पीसीओएसवर इतरांहून सरस ठरलेला नाही. आपली पेज, कुळथाची पिठी, बांगडा, सोलकढी, पालेभाजी सोडायची गरज नाही. भाताचा ढीग कमी करा. मासे, कडधान्य, भाजी वाढवा. शेव-फरसाण, बिस्किटं, गोड चहा आवरा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढं प्रौढांना हवं. मुलींना रोज तासभर खेळ. आमच्या सावंतवाडीत मोती तलावाला संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायका आता खूप दिसतात. त्यांत कॉलेजच्या मुलीही असाव्यात, असं मला मनापासून वाटतं. जनुकं बदलता येत नाहीत; इन्सुलिनवरचा ताण मात्र यानेच उतरतो, वजन न घटताही.

मनाकडेही बघा. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत उदासी आणि चिंता जास्त आढळते. चेहऱ्यावरच्या केसांवरून मारलेला टोमणा मुलगी वर्षानुवर्षं विसरत नाही. केस काढून घेणं, लेझर करणं यात लाजण्यासारखं काही नाही, आणि काढल्याने ते वाढतही नाहीत.

लग्नाची बोलणी सुरू झाली की हे सगळं झाकलं जातं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: मुलीने मुलाला सांगावं, आणि मुलाच्या घरच्यांनी त्यावरून स्थळ नाकारू नये. हे जनुकीय बदल इतके सर्वसाधारण आहेत की मुलाच्या घरातले टक्कल पडलेले आजोबा आणि शुगर असलेले वडील तेच बदल घेऊन वावरत असण्याची शक्यता भरपूर आहे. दोन्ही घरांचे कागद एकमेकांसमोर ठेवावेत. दोष कुणाच्या पदरात टाकण्यासाठी नको. पुढे जन्मणाऱ्या मुलांची आणि मुलींची काळजी कशी घ्यायची, ते ठरवण्यासाठी हवं.

कोकणात चतुर्थीला मुंबई-पुण्याची सगळी माणसं घरी येतात. आजी, आत्या, मावश्या, काका एका छपराखाली भेटण्याचा तोच एक आठवडा. येत्या चतुर्थीला घरातल्या शिकलेल्या मुलीने, मुलानेही, वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं आणि विचारावं. आधी बाबांना विचारा; त्यांना आजवर हा प्रश्न कुणी विचारलेला नसेल. मग आत्याला. ती बोलायला लागली की मधेच थांबवू नका, आणि जे सांगेल ते तारीखवार लिहून घ्या.